खारं पाणी, गोडं पाणी आणि आमचं कालवण

१

आपल्या लिखाणात भाकर पुष्कळ आली. कवितेत आली, भाषणात आली, मोर्चाच्या घोषणेत आली. पण भाकरीबरोबर ताटलीत काय होतं, ते कुणी लिहिलं नाही. जणू आपली माणसं दोन हजार वर्षं कोरडी भाकर चावत बसली होती. तसं नव्हतं. कोकणपट्टीत, आपल्या या रायगडच्या किनाऱ्यावर (१ जानेवारी १९८१ पर्यंत याचं नाव कुलाबा जिल्हा), तांदळाच्या नाहीतर नाचणीच्या भाकरीबरोबर मासळी होती. बहुतेक वेळा सुकी. कधी खाडीतली ओली, फुकटची.

आता कुणी म्हणेल, मासळीचं काय घेऊन बसलात, प्रश्न काय, पेटलंय काय! दोस्तहो, बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात अस्पृश्यता कशातून आली याचा शोध घेताना त्यांनी माणसं काय खात होती हाच पुरावा हाताशी धरला. कुणी गोमांस सोडलं, कुणी खात राहिलं, कुणावर खायची पाळी आणली गेली, यातून त्यांनी एका अख्ख्या समाजाचा इतिहास उभा केला. म्हणजे ताट हा कागदपत्रासारखाच दस्तऐवज आहे, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. ज्यांच्या घरात सनदा नव्हत्या, बखरी नव्हत्या, त्यांच्या घरात चूल होती. तेव्हा चुलीपाशी बसूनच आपला इतिहास वाचावा लागेल.

म्हणून हा लेख सुकट-बोंबलावर आहे. ज्याला वास येतो त्याने नाक धरून वाचावा.

२

आधी पदार्थ सांगतो. ज्याला माहीत आहेत त्याने हसावं, पण शहरात वाढलेल्या आपल्या पोरांना आता हे सांगावं लागतं.

पहिला, भाजलेला बोंबील. सुका बोंबील घ्यायचा, डोकं-शेपटी मोडायची, निखाऱ्यावर टाकायचा. चर्र वाजून फुगला, कडेनं काळा झाला की काढायचा. पाट्यावर लसणीच्या चार पाकळ्या, लाल मिरची, मीठ, आणि त्यातच तो बोंबील. दोन घाव घालायचे. झालं. तेल नाही, कांदा नाही, भांडं नाही. शेतावर न्यायला यासारखी चीज नाही. भाकरीच्या घडीत बसते, सांडत नाही, विटत नाही.

दुसरा, जवळा. नखाएवढीसुद्धा नसते ती कोळंबीच्या जातीची बारीक मासळी. सुकवली की तीच सुकट. आधी सुपात घालून पाखडायची, वाळू आणि कचरा काढायचा. मग तव्यावर कोरडी परतायची. घाई करायची नाही. वास बदलतो तो ओळखायचा. मग पाण्यातून पिळून काढायची, कांदा-मिरचीवर टाकायची, वर आमसुलाची दोन पानं. चैत्र-वैशाखात आमसुलाच्या जागी कैरीची फोड. दहा मिनिटांत चूल मोकळी. दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबून आलेल्या बाईला दहा मिनिटांचा अर्थ काय, ते तिलाच विचारा.

तिसरं, सुक्या बोंबलाचं कालवण. बोंबील तुकडे करून भिजवायचे. चिंचेचा कोळ, हळद, तिखट, ठेचलेली लसूण. वांगं असलं तर वांगं, शेवग्याच्या शेंगा असल्या तर शेंगा. पाणी घालून उकळी. माणसं वाढली की पाणी वाढवायचं. पातळ झालं तर तांदळाचं पीठ कालवून लावायचं.

आता इथं थांबा. पीठ का? खोबरं का नाही? आज हॉटेलात जाऊन बघा, पाटीवर 'कोकणी मासे' लिहिलंय आणि वाटीत खोबऱ्याचं दाट वाटण. नारळाचं वाटण म्हणजे कोकणचं जेवण, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. पण नारळ कुणाचे होते? अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, जिथं जिथं नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या आहेत तिथं त्या वाडीचा मालक कोण होता आणि वाडीत माती ओढणारा कोण होता? वाडीत पडलेला नारळसुद्धा उचलायची ज्यांना चोरी, त्यांच्या कालवणात खोबरं येणार कुठून! आमच्या कालवणाचा पातळपणा ही चवीची गोष्ट नाही. तो जमीनधाऱ्याचा हिशेब आहे. पीठ लावून तो हिशेब आमच्या आयाबायांनी झाकला, इतकंच.

३

बोंबीलच का? पापलेट का नाही, सुरमई का नाही? उत्तर सोपं वाटतं, की स्वस्त म्हणून. पण स्वस्त का, ते विचारलं पाहिजे.

बोंबलाच्या अंगात पाणी फार. शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग नुसतं पाणी. ओला ठेवला तर घटकाभरात ओघळतो. पण हाच बोंबील कोळी लोक समुद्रकाठी बांबू रोवून, दोऱ्या ताणून, जोडीजोडीनं टांगतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर टाकायचा. ऊन आणि वारा त्यातलं पाणी ओढून घेतात. या कामाला मीठ लागत नाही. जवळाही तसाच. जमिनीवर नाहीतर जाळ्यावर पसरायचा, फिरवत राहायचा. मिठाशिवाय वाळतो.

ही मिठाची गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजाच्या राज्यात मिठावर जकात होती. १८८८ साली ती मणाला अडीच रुपये होती. पुढे कमी-जास्त होत राहिली आणि १९४७ साली गेली. पेण-उरणच्या मिठागरांत उन्हाने पाय सोलून घेत मीठ पिकवणारा मजूर, आणि त्याच मिठाला बाजारात कर. मोठी, मांसल मासळी टिकवायची तर ती मिठात खारवावी लागते. म्हणजे तिच्या किमतीत मीठ आलं, मिठाची जकात आली. बोंबील आणि जवळा यांना फक्त ऊन लागतं. उन्हावर कुठल्या सरकारला कर बसवता आला नाही. गरिबाच्या घरी हीच मासळी पोचली, त्यात या बिनमिठाच्या वाळवणीचा हात आहे, असं मला वाटतं.

आणि ती कुपोषणाची मासळी नव्हे. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. इतकं डाळीत नाही, मटणातही नाही. आमच्या माणसांनी आषाढातली लावणी कशावर केली, याचं उत्तर इथं आहे.

आषाढ-श्रावण म्हणजे समुद्र बंद. होड्या काठावर, जाळी आढ्याला. आज सरकारनेही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवलेली असते. तेव्हा कायदा नव्हता, पण दर्याच कायदा होता. नारळी पौर्णिमेपर्यंत ओली मासळी विसरायची. आणि नेमके हेच दिवस शेतात कंबर मोडायचे. नांगरणी, राब, आवण काढणं, लावणी. घरात दाणा सरत आलेला, काम दुप्पट. म्हणून पावसाच्या आधी आगोटीची बेगमी करायची. लाकूडफाटा, मिरची, आणि सुकट-बोंबील. कोळणी टोपल्या घेऊन आतल्या गावांत यायच्या, भाताच्या बदल्यात सुकट मापून द्यायच्या. ज्याच्या घरात भात शिल्लक त्याला मडकं भरून सुकट. ज्याचं भात खळ्यावरच मालकाकडे गेलं, त्याला वायदा.

४

खळ्यावरच भात जाणं म्हणजे खोती. आपल्या नव्या कार्यकर्त्याला 'खोत' म्हटलं की नाटक-सिनेमातला पागोटेवाला आठवतो. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून वाटेल ते काढायचं. पिकाचा अर्धा वाटा ही तर साधी रीत. वर वेठ, बिगार, सणावाराला भाजी-कोंबडं. खाडीतला जिताडा कुळाच्या हाती लागला तर तो कुळाच्या चुलीवर चढत नसे. मोठा मासा मोठ्या घरी जायचा. खाऱ्या जमिनीच्या बांधाला उघाडी असते, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायला. तिच्या तोंडाशी मासळी जमते. ती मासळी कुणी धरायची, हेसुद्धा बांधाच्या मालकीवर ठरायचं. आणि आमची माणसं तर कुळांच्याही खाली. बहुतेकांना कूळ म्हणून कागदावर नाव लागायचं भाग्यही नव्हतं.

या खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी जमीन कसायची बंद केली, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! बहुतेक कुळं आगरी. बाबासाहेब त्या संपाच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करायचं बिल मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

हे मी मासळीच्या लेखात का सांगतो? कारण आगरी-कोळी आणि आम्ही एकाच खाडीच्या चिखलात उतरणारी माणसं. आमच्या ताटलीत तेच बोंबील, तेच तांदळाचं पीठ. तरी त्यांच्या आळीत आमची सावली अंतर ठेवून चालायची. हे खोटं नाही आणि लपवायचं कारण नाही. पण चरीच्या संपात बाबासाहेबांनी दाखवलं की ताटली एक असेल तर लढाही एक होऊ शकतो. ती वाट आपण पुढे किती चाललो, हे आपल्यालाच विचारावं.

५

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

खाडीत निवट्या असतात. चिखलात उड्या मारणारे, डोळे बाहेर आलेले बोटभर मासे. चिंबोऱ्या असतात. खडकाला कालवं असतात, वाळूत शिवल्या. ओहोटी लागली की बायका-पोरं गुडघाभर चिखलात उतरतात. जाळं लागत नाही, होडी लागत नाही. बिळात हात घालायचा धीर लागतो आणि भरती कधी वळेल याचं ज्ञान लागतं. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. आमच्या निरक्षर आज्यांना हे पंचांग तोंडपाठ होतं. ज्या पंचांगवाल्याने त्यांना दारात उभं केलं नाही, त्याच्या पंचांगाची त्यांना गरजही नव्हती.

आणि नवल बघा. त्या खाडीत उतरायला आम्हाला कुणी कधी मना केलं नाही. सकाळी महाराची बाई उतरली, दुपारी आगऱ्याची उतरली, पाणी तेच. खाडी बाटली म्हणून कुणी गोमूत्र शिंपडलं नाही. समुद्राला विटाळ नव्हता.

विटाळ होता तो गोड्या पाण्याला.

निवट्या धरून आणल्या. पुढे? त्या धुवायच्या कशात? चिखल घालवायला दोन-तीन पाणी लागतात. कालवण शिजवायला पाणी लागतं. सुकट पिळून काढायला पाणी लागतं. हात धुवायला, पोरांना तिखट लागलं तर प्यायला पाणी लागतं. ते पाणी सवर्णांच्या विहिरीवर. आमची बाई मडकं घेऊन लांब उभी. कुणी ओतेल तेव्हा. नाही ओतलं तर डबक्यातलं. माझी आजी म्हणायची, 'मासली देवानं दिली रं, पानी मान्सांनी अडवलान.' एवढ्या एका वाक्यात कोकणातल्या अस्पृश्यतेचा अख्खा नकाशा आहे. खारं पाणी सगळ्यांचं, गोडं पाणी त्यांचं.

महाडकडे या दृष्टीने बघा. महाड सावित्री नदीकाठी. खाली दासगाव, तिथवर खाडी, भरतीचं पाणी, गलबतं. त्या पाण्यात कुणीही उतरावं. आणि गावात चवदार तळं. तिथं गुरं पाणी प्यायची, मुसलमान-ख्रिस्ती भरायचे, फक्त आम्हाला बंदी. ४ ऑगस्ट १९२३ ला बोले यांनी मुंबईच्या कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण एक मडकंही भरलं गेलं नाही.

मग १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. परिषदेला आलेल्या माणसांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी! तळ्याकाठच्या गावात! त्या काळातले चाळीस रुपये. २० तारखेला बाबासाहेब मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागोमाग हजारो.

ती ओंजळ सगळ्यांना ठाऊक आहे. तिची चित्रं झाली, पुतळे झाले. त्यानंतर जे झालं ते मात्र आपण पटकन उरकतो. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी हूल उठवून सवर्णांचा जमाव आला, तो कुठं आला? मांडवात. जिथं परत जायच्या आधी माणसं जेवायला बसली होती, जिथं स्वयंपाक चालू होता. त्यांनी अन्न मातीत कालवलं, भांडी फोडली, बायका-पोरांसकट माणसांना मारलं. दोस्तहो, नीट बघा हे. पाण्याला हात लावल्याचा सूड अन्नावर घेतला. कारण त्यांनाही कळलं होतं की हे पाणी शेवटी चुलीवरच जाणार. ज्याच्या चुलीवर स्वतःच्या हक्काचं पाणी उकळतं, तो उद्या दारात तुकड्यासाठी उभा राहणार नाही.

मग तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून. जे पाणी आमच्या ओंजळीने बाटलं, ते शेणाने पवित्र झालं. यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

६

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, उष्टे-शिळे तुकडे मागू नका. डिसेंबरात परत परिषद भरली. मोटारवाले दगा देतील म्हणून बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ डिसेंबर १९२७ ला दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडला आले. म्हणजे पुन्हा खाऱ्या पाण्याचाच रस्ता कामी आला! महाडचे व्यापारी माल द्यायला तयार नव्हते, शिधा बाहेरून आणावा लागला. हिंदूंची जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने जागा दिली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा कोर्टात होता, मनाईहुकूम होता, म्हणून पाण्याला न शिवता तळ्याभोवती मिरवणूक काढली. पुढे दहा वर्षं खटला चालून १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपण जिंकलो.

त्या डिसेंबरातच बाबासाहेब बायकांपुढे बोलले. लुगडं उच्चवर्णीय बायांसारखं नेसा म्हणाले, मुलींना शिकवा म्हणाले, आणि घरात मेल्या जनावराचं मांस शिजू देऊ नका म्हणाले. हा कार्यक्रम राबवायचा होता कुणी? पुढाऱ्याने नव्हे. चुलीपुढच्या बाईने. पुरुषाने सभेत हात वर केला की त्याचं काम झालं. घरी पोरं उपाशी, आणि वाट्याचं मांस परत धाडायचं, हे तिनं करायचं. फुकटचं अन्न तिनं नाकारलं. त्या जागी काय वाढलं? आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या सांगतात, सुकटीला हात जरा सैल झाला आणि कालवणाला पाणी जरा जास्त झालं. १९५६ च्या धम्मदीक्षेचं श्रेय आपण देतो त्यात या वाढवलेल्या पाण्याचं श्रेय कुणी देत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया पुढे आणल्या. ते पुस्तक आपल्या प्रत्येक शाखेत असायला हवं. पण चुलीपुढचा हा सत्याग्रह अजून गावोगाव जाऊन गोळा करायचा आहे.

सुकी मासळी गावात राहिली नाही. ती गाठोड्यातून मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालटीत कामाला गेलेला कोकणातला माणूस सुकट आणि तांदूळ बरोबर न्यायचा. ज्या गिरणीत विणकाम खात्यात आम्हाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडाचा विटाळ होई, त्या गिरणीची पाळी संपवून आलेला माणूस चाळीतल्या खोलीत स्टोव्हवर बोंबील भाजायचा. त्याच तोंडाने खायचा. विटाळ फक्त धाग्यालाच होता.

आणि एक गोष्ट सांगतो, ती आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. सावित्रीच्या खाडीपलीकडे दापोलीजवळ वणंद गाव. तिथली रमा. तिचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात वाहायचे. हमाल होते. मासळी विकणारे नव्हेत, खाणारेही कितपत, वाहणारे. रमाईचं लग्न १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात लागलं. कार्यालय कुठलं! रात्री बाजार उठल्यावर, मासळी-भाजी मांडायच्या दगडी ओट्यांवर माणसं बसली. खाली गटारं वाहत होती. पहाटे बाजार भरायच्या आत लग्न उरकून उठायचं होतं. जिच्या बापाच्या डोक्यावर मासळीची टोपली, तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्याही बाजारातच. आज आपण रमाईच्या तसबिरीला हार घालतो. त्या हाराला बाजारच्या पाण्याचा वास यायला पाहिजे. तो आला नाही तर आपण तिला ओळखलंच नाही.

७

आता आजचं बोलू.

आज आपली पोरं शिकली, नोकरीला लागली. फ्लॅटमध्ये बोंबील भाजायचा तर खिडक्या लावून घेतात. मुंबईत कैक सोसायट्यांत भाड्याची खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न, 'नॉनव्हेज खाता का?' हा प्रश्न मासळीचा नाही. आडनाव विचारायची आता लाज वाटते, म्हणून ताटली विचारतात. पूर्वी दूरून ओतायचे, आता खोली नाही म्हणतात. आणि आपण काय करतो? 'नाही, घरात नाही खात' म्हणून खोटं बोलतो. मीसुद्धा एकदा बोललो. खोली मिळाली. त्या घरात वर्षभर राहिलो आणि आई गावाहून येताना सुकट आणायची ती स्टेशनावरच एका मित्राला देऊन टाकायचो. आईला वाटायचं पोरगा सुकट खातोय. ती ओंजळभर सुकट मी ज्या भीतीने दडवली, त्या भीतीचं नाव जात आहे. दुसरं काही नाही.

उलट बाजूला दुसरंच चाललंय. अलिबाग-मुरूडच्या वाटेवर 'घरगुती मासळी थाळी'च्या पाट्या. साहेबलोकांना बोंबलाची चटणी आता 'ऑथेंटिक' लागते. चव चालते, ज्यांनी ती चव जगवली ती माणसं चालत नाहीत.

आणि खाडी? ती तरी कुठं राहिली! उरणला १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर झालं. रोहा आणि महाडला रसायनांचे कारखाने आले. सावित्री, कुंडलिका, पाताळगंगा, सगळ्यांच्या तोंडी कारखान्यांचं पाणी. जी खाडी विटाळ मानत नव्हती तिला आता खरोखरचा विटाळ झाला, आणि १०८ घागरींनी तो जाणारा नाही. निवट्या कमी झाल्या, असं चिखलात उतरणारी कुठलीही बाई सांगेल. कोळ्याला नुकसानभरपाई मागायला निदान होडीचा नंबर असतो. हाताने निवट्या धरणाऱ्या बाईचा नंबर कुठल्याच रजिस्टरात नाही. ज्याची मालकी कधी लिहिली गेली नाही, ते गेलं तरी नोंद होत नाही. खाऱ्या पाण्यावरचा आमचा एकमेव न लिहिलेला हक्क असा गुपचूप चाललाय. गोड्या पाण्यासाठी महाड झालं. खाऱ्या पाण्यासाठी काय?

मराठवाड्यातल्या आपल्या माणसांचं खाणं शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात लिहून काढलं. नावातच चपराक आहे. रत्नागिरीकडच्या आपल्या बायांचं जिणं उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये आलं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या चुली अजून वाट बघताहेत.

म्हणून दोस्तहो, एक काम सांगतो. मोर्चाचं नाही, वर्गणीचं नाही. या सुट्टीत गावाला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. विचारा, सुकट कुणाकडून घ्यायचीस, काय देऊन घ्यायचीस? निवट्या कुठल्या वळणावर धरायचीस? पाणी कुठून आणायचीस, किती वेळ उभी राहायचीस, कोण ओतायचं? मेल्या ढोराचं मांस घरात यायचं कधी थांबलं, कुणी थांबवलं, त्या रात्री काय शिजवलंस? उत्तरं तिच्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका. शुद्ध करणं हा आपला धंदा नाही.

ती आधी हसेल. 'काय लिवतंस रं ह्ये!' म्हणेल. मग बोलू लागेल. बोलता बोलता चुलीवर काहीतरी टाकेल. वास सुटला की खिडकी उघडी ठेवा.